सिंधचे मुंबई इलाख्यापासून विभक्तीकरण (१९१३-१९३६) : हिशेबाचा वाद आणि विश्वासाचा प्रश्न

प्रस्तावना

उल्हासनगर शहराचा इतिहास सामान्यतः १९४७ च्या फाळणीपासून सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच छावण्यांचे क्रमांक आजही येथील पत्त्यांमध्ये 'कॅम्प नंबर' म्हणून टिकून आहेत.

तथापि, या निर्वासितांचा मुंबईशी असलेला संबंध १९४७ साली सुरू झाला नाही. १८४७ ते १९३६ अशी तब्बल ८९ वर्षे सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न होती आणि सिंधचे निवडून आलेले प्रतिनिधी मुंबईच्या कायदेमंडळात बसत होते. १ एप्रिल १९३६ रोजी हा संबंध तुटला. तो तुटावा की टिकावा, यावर जवळजवळ पाव शतक सभा, परिषदा, पत्रके व समित्या यांतून जाहीर वाद चालला होता.

एखाद्या प्रदेशाने मोठ्या राजकीय व आर्थिक संघटनेतून बाहेर पडावे की नाही, हा प्रश्न अलीकडे ब्रिटनच्या निमित्ताने जगभर चर्चिला गेला. या प्रश्नाचे एक पूर्वरूप आपल्याच इलाख्यात घडून गेले असून त्याचे परिणाम भोगलेला समाज मोठ्या संख्येने ठाणे जिल्ह्यात वस्तीला आहे. प्रस्तुत लेखात या वादाचे स्वरूप तपासले असून, तो हिशेबाच्या भाषेत चालला तरी त्याचा गाभा परस्पर विश्वासाचा होता, असे प्रतिपादन केले आहे.

मुंबई इलाखा आणि सिंध : सोयीचा संबंध

१८४३ साली मियाणीच्या लढाईनंतर सर चार्ल्स नेपियर यांनी तालपूर मीरांकडून सिंध जिंकून घेतले. १८४७ साली नेपियर परत गेल्यावर स्वतंत्र गव्हर्नर न नेमता सिंध मुंबई सरकारच्या अधिकाराखाली देण्यात आले. हा निर्णय प्रशासकीय सोयीचा होता. सिंधी जनतेचे मत त्यासाठी विचारण्यात आले नाही, तसेच मुंबईच्या जनतेचेही नाही.

नकाशावर पाहता हा संबंध विसंगतच दिसतो. मुंबई व सिंध यांच्या दरम्यान कच्छ, काठेवाड व राजपुतान्यातील संस्थाने पसरलेली होती. कराचीहून मुंबईला येण्याचा सोयीचा मार्ग समुद्राचा होता. भाषा, जमिनीची व्यवस्था, पाऊसमान, शेतीची पद्धती या सर्वच बाबतींत सिंध वेगळे होते. या वेगळेपणामुळे मुंबईच्या गव्हर्नरचे अनेक अधिकार १८६८ च्या कायद्याने सिंधच्या कमिशनरला सोपविण्यात आले. परिणामी सिंध नावाला मुंबई इलाख्यात, परंतु व्यवहारात कमिशनरच्या जवळजवळ एकहाती अमलाखाली राहिले. तेथील वरिष्ठ न्यायालयही मुंबई उच्च न्यायालयाहून स्वतंत्र होते. थोडक्यात, सिंधचे वेगळेपण सरकारलाही मान्य होते. प्रश्न होता तो या वेगळेपणाला कोणते राजकीय रूप द्यावयाचे, हा.

मागणीचा उगम

पुढील काळातील घडामोडी पाहता आश्चर्य वाटेल, परंतु स्वतंत्र सिंधचा विचार काँग्रेसच्या व्यासपीठावर प्रथम ठळकपणे मांडला तो एका हिंदू नेत्याने. डिसेंबर १९१३ मध्ये कराची येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात स्वागताध्यक्ष हरचंदराय विशिनदास यांनी सिंधच्या भौगोलिक व सांस्कृतिक वेगळेपणाकडे लक्ष वेधले. गुलाम मुहंमद भुर्ग्री यांच्यासारखे मुस्लिम नेते या कार्यात त्यांचे सहकारी होते. पुढे १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्यांची भाषावार रचना स्वीकारली, तेव्हा काँग्रेसच्या दृष्टीने सिंध हा स्वतंत्र प्रांतच होता.

या पहिल्या टप्प्यात मागणीला धार्मिक रंग नव्हता. कमिशनरच्या अनियंत्रित अधिकाराला आळा बसावा, मुंबईच्या तिजोरीतून सिंधला योग्य वाटा मिळावा आणि दूरच्या राजधानीवरील अवलंबित्व कमी व्हावे, असे तिचे स्वरूप होते. सिंधमधील हिंदू हे लोकसंख्येच्या सुमारे चौथा हिस्सा होते. सरकारी नोकरीतील आमिल आणि व्यापारातील भाईबंद हे त्यांचे प्रमुख वर्ग असून शिक्षण, वकिली, सावकारी व व्यापार यांत त्यांचे वर्चस्व होते. स्वतंत्र प्रांत झाल्यास त्याच्या कारभारात आपलाच वाटा मोठा राहील, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते.

भूमिकांची अदलाबदल

१९२० नंतरच्या दशकात चित्र पूर्णतः पालटले. हिंदू नेतृत्व विभक्तीकरणाच्या विरोधात गेले आणि मुस्लिम नेतृत्वाने ती मागणी उचलून धरली. १९२५ साली मुस्लिम लीगने अलीगढ अधिवेशनात या मागणीचा पुरस्कार केला. मार्च १९२७ मधील 'दिल्ली प्रस्तावां'त जीना व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही अटींवर संयुक्त मतदारसंघ मान्य करण्याची तयारी दर्शविली. त्यांतील एक अट सिंधच्या विभक्तीकरणाची होती. १९२९ च्या जीनांच्या चौदा मुद्द्यांतही ती समाविष्ट झाली.

या बदलाचे स्पष्टीकरण अनेकदा केवळ वाढत्या जातीय तेढीत शोधले जाते. ते अपुरे आहे. वास्तविक पाहता, या काळात 'स्वतंत्र प्रांत' या शब्दाचा अर्थच बदलला होता. १९१३ साली स्वतंत्र प्रांत म्हणजे कमिशनरऐवजी अधिक दर्जाचा ब्रिटिश अधिकारी व त्याच्या सल्ल्यासाठी एक मंडळ, एवढाच अर्थ होता. त्यात बहुसंख्याकांचे राज्य येण्याचा प्रश्न नव्हता. १९१९ च्या सुधारणांनी मात्र निवडून आलेल्या कायदेमंडळाला जबाबदार असे मंत्री आणले आणि पुढील सुधारणांत ही जबाबदारी वाढणार हे उघड होते. त्यामुळे १९२७ साली स्वतंत्र सिंध म्हणजे मुस्लिम बहुमताचे सरकार, असा अर्थ झाला. मुंबई इलाख्यात राहिल्यास सिंधी हिंदू हे मोठ्या हिंदू बहुसंख्येचा भाग ठरत होते. वेगळे झाल्यास ते अल्पसंख्य होत होते. सिंधी मुसलमानांची स्थिती नेमकी याच्या उलट होती. मागणीचे शब्द तेच राहिले, परंतु त्यांतून कोणाच्या हाती सत्ता जाणार हे बदलले आणि त्याबरोबर माणसेही बाजू बदलती झाली.

जमिनीचा प्रश्न या भीतीला अधिक धार देत होता. सिंधमधील मोठे जमीनदार बहुतांशी मुस्लिम होते, त्यांची जमीन कसणारे 'हारी' हेही मुस्लिमच होते, तर कर्ज देणारे सावकार प्रामुख्याने हिंदू होते. कर्जापोटी जमिनी सावकारांकडे जात असल्याची तक्रार जुनी होती. पंजाबात १९०० साली बिगरशेतकरी वर्गाकडे जमीन जाऊ न देणारा कायदा झाला होता. स्वतंत्र सिंधमध्ये तसाच कायदा होईल, अशी जमीनदारांना आशा होती आणि सावकारांना धास्ती होती.

तथापि दोन्ही समाज एकसंध नव्हते. सायमन कमिशनला साहाय्य करण्यासाठी मुंबई कायदेमंडळाने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सर शाहनवाज भुट्टो हे स्वतः सिंधमधील बडे जमीनदार होते. तरीही या समितीने बहुमताने विभक्तीकरणाला विरोध केला. सय्यद मीरान मुहंमद शाह यांनी भिन्नमतपत्रिका जोडून विभक्तीकरणाची बाजू मांडली. याच समितीचे सदस्य असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ मे १९२९ रोजी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. त्यात त्यांनी कर्नाटकाप्रमाणेच सिंधच्याही विभक्तीकरणास विरोध दर्शविला. सिंधच्या मागणीमागे प्रशासकीय गरजेपेक्षा मुस्लिम बहुसंख्य प्रांतांची संख्या वाढविण्याचा हेतू अधिक आहे, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते.

दुसरीकडे, मुहंमद अयूब खुहरो यांनी १९३० साली विभक्तीकरणाच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहून मुंबईच्या राज्यकारभारात सिंधची उपेक्षा कशी झाली, याची मांडणी केली. शेख अब्दुल मजीद सिंधी व हाजी अब्दुल्ला हारून यांनी या मागणीसाठी लोकमत संघटित केले. मागणीचे आद्य प्रवर्तक हरचंदराय विशिनदास हे मात्र हा वाद ऐन भरात येण्यापूर्वीच दिवंगत झाले. फेब्रुवारी १९२८ मध्ये सायमन कमिशनवरील ठरावासाठी आजारी अवस्थेत ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाकडे आले असता त्यांचे निधन झाले.

हिशेबाची भाषा

या संपूर्ण वादात सर्वाधिक शाई खर्ची पडली ती जमाखर्चाच्या प्रश्नावर. सिंध स्वतःच्या पायावर उभे राहू शकेल काय? विरोधकांच्या मते सिंध हा तुटीचा प्रांत असून मुंबईच्या पैशावर चालत होता. समर्थकांच्या मते ही तूट हिशेबाच्या पद्धतीतून निर्माण झालेली होती.

सक्कर येथे सिंधू नदीवर उभारण्यात येत असलेल्या लॉइड बंधाऱ्याने हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. १९२३ साली सुरू झालेले हे काम पूर्ण होऊन १३ जानेवारी १९३२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते बंधाऱ्याचे उद्घाटन झाले. सात कालव्यांद्वारे सिंधमधील लाखो एकर जमीन ओलिताखाली आणणारी ही योजना मुंबई सरकारने कर्ज काढून राबविली होती. नव्याने भिजणाऱ्या जमिनींच्या विक्रीतून व शेतसाऱ्यातून हे कर्ज फिटणार होते. प्रांत वेगळा झाल्यास कर्ज कोणाच्या माथी आणि उत्पन्न कोणाच्या पदरी, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला. १९३० साली सायमन कमिशनने तत्काळ विभक्तीकरणाची शिफारस केली नाही, त्यामागे आर्थिक अडचणीचे कारण महत्त्वाचे होते.

१९२८ च्या नेहरू अहवालानेही सिंधच्या वेगळेपणाला तत्त्वतः मान्यता देताना आर्थिक चौकशीची पुस्ती जोडली होती. पहिल्या गोलमेज परिषदेने सिंधसाठी नेमलेल्या उपसमितीने विभक्तीकरणाच्या बाजूने कौल दिला, त्यास डॉ. बा. शि. मुंजे व राजा नरेंद्रनाथ यांनी असहमती नोंदविली. त्यानंतर १९३१ साली माइल्स आयर्व्हिंग यांच्या अध्यक्षतेखाली आर्थिक चौकशी समिती नेमण्यात आली. तिने नव्या प्रांताला मोठी तूट येईल, असा निष्कर्ष काढला. ही तूट कशी भरून काढावयाची यासाठी १९३२ साली ब्रेन यांच्या अध्यक्षतेखाली सिंधमधील दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींची परिषद घेण्यात आली. तेथेही एकमत झाले नाही.

या सर्व समित्यांच्या कामकाजातून एक गोष्ट ध्यानात येते. समोर असलेले आकडे बहुतांशी तेच होते, मात्र त्यांवरून निघणारे निष्कर्ष परस्परविरोधी होते. आकड्यांनी कोणाचेही मत बदलले नाही, कारण मते आकड्यांवर आधारलेली नव्हती. 'प्रांताला परवडेल काय?' या प्रश्नाआड 'उद्याच्या राज्यकर्त्यांवर आम्ही विश्वास ठेवावा काय?' हा प्रश्न दडलेला होता. पहिल्या प्रश्नासाठी समित्या नेमता येत होत्या. दुसऱ्यासाठी तशी सोय नव्हती. नोव्हेंबर १९३२ मध्ये अलाहाबाद येथील ऐक्य परिषदेत हिंदू व मुस्लिम नेत्यांनी या दुसऱ्या प्रश्नाला हात घालून अल्पसंख्याकांच्या संरक्षणासह समझोता करण्याचा प्रयत्न केला. परंतु डिसेंबर १९३२ मध्ये भारतमंत्री सर सॅम्युअल होअर यांनी लंडनहून विभक्तीकरणाचा निर्णय जाहीर केला आणि परस्परांत तडजोड करण्याचे कारणच उरले नाही.

विभक्तीकरणानंतर

१९३५ च्या कायद्यान्वये १ एप्रिल १९३६ रोजी सिंध स्वतंत्र प्रांत झाला. सर लान्सलॉट ग्रॅहम हे पहिले गव्हर्नर झाले. आर्थिक प्रश्न सुटण्यास फार काळ लागला नाही. सर ऑटो निमायर यांच्या शिफारशीनुसार केंद्राकडून सिंधला वार्षिक १ कोटी ५ लाख रुपयांचे साहाय्य ठरले. पुढे महायुद्धाच्या काळात धान्याच्या व्यापारातून प्रांताच्या तिजोरीत भरही पडली. ज्या तुटीवर पाव शतक वाद झाला, ती तूट दहा वर्षांत वादाचा विषय राहिली नाही.

विश्वासाच्या प्रश्नाचे तसे झाले नाही. येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. ६० सदस्यांच्या विधानसभेत हिंदूंना लोकसंख्येच्या मानाने काहीशा अधिक जागा मिळाल्या होत्या आणि मुस्लिम सदस्य अनेक गटांत विभागलेले होते. त्यामुळे मंत्रिमंडळ टिकण्यासाठी हिंदू सदस्यांचा पाठिंबा अनेकदा निर्णायक ठरे. १९३७ मध्ये सर गुलाम हुसेन हिदायतुल्ला, १९३८ मध्ये अल्लाबक्ष सूमरो, १९४० मध्ये मीर बंदेअली तालपूर अशी मंत्रिमंडळे बदलत गेली. अल्पसंख्याकांना वाटणारी भीती पहिल्या दोन-तीन वर्षांत खरी ठरली नव्हती.

परंतु १९३९ मध्ये सक्कर येथील मंझिलगाह इमारतीच्या वादातून भीषण दंगली उसळल्या आणि दोन्ही समाजांतील सहकार्याचा पाया खचला. फाळणीला विरोध करणारे अल्लाबक्ष सूमरो यांची मे १९४३ मध्ये शिकारपूर येथे हत्या झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये जी. एम. सय्यद यांनी मांडलेला पाकिस्तानच्या समर्थनाचा ठराव सिंध विधानसभेने संमत केला होता. जून १९४७ मध्ये याच विधानसभेने पाकिस्तानच्या घटना समितीत सामील होण्याच्या बाजूने मत दिले. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर हिंदूंचे स्थलांतर वेगाने वाढले. मुंबईपासून वेगळे होण्यास विरोध करणारा समाज आता निर्वासित म्हणून मुंबईच्या बंदरात उतरला.

उल्हासनगरातून मागे वळून पाहताना

'सिंध मुंबईतच राहिले असते तर ते भारतात राहिले असते', असे मत सिंधी समाजात व्यक्त केले जाते. भावनिकदृष्ट्या ते समजण्यासारखे आहे. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ते जपून स्वीकारावे लागते. आसाम प्रांतातील मुस्लिम बहुसंख्य सिल्हेट जिल्ह्यात जुलै १९४७ मध्ये सार्वमत घेण्यात आले आणि त्याचा मोठा भाग पाकिस्तानात गेला. मोठ्या बिगरमुस्लिम बहुसंख्य प्रांताचा भाग असणे सिल्हेटला भारतात ठेवू शकले नाही. सिंधचेही तसेच झाले असते, ही शक्यता नाकारता येत नाही.

तरीही या मतात तथ्याचा एक अंश आहे. पंजाब व बंगाल विभागले गेले, त्यामुळे तेथील निर्वासितांना स्वतःच्या भाषेचा प्रदेश भारतात उरला. सिंध मात्र एक अखंड प्रांत म्हणून, स्वतःच्या विधानसभेच्या निर्णयाने पाकिस्तानात गेले. पूर्वेकडील थरपारकर भागात हिंदूंची मोठी वस्ती असूनही त्याच्या विभाजनाचा विचार झाला नाही. परिणामी सिंधी भाषकांना भारतात प्रांत उरला नाही. उरल्या त्या छावण्या आणि त्यांतून उभी राहिलेली शहरे. १९३६ च्या विभक्तीकरणाने फाळणी घडविली, असे म्हणता येणार नाही. परंतु फाळणीची रेषा कोठून जाईल आणि कोणाच्या वाट्याला काय उरेल, हे ठरण्यात त्याचा वाटा निश्चित होता.

या समाजाने मागे सोडलेल्या संस्था नव्याने उभारल्या. कराचीच्या दयाराम जेठमल सिंध महाविद्यालयातील प्राध्यापकांनी १९४८ साली मुंबईत जयहिंद महाविद्यालय सुरू केले. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने १९६५ साली उल्हासनगरात चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय स्थापन केले. मुंबई विद्यापीठाशी सिंधचा जो संबंध होता, तो अशा रीतीने वेगळ्या भूमीवर पुन्हा जोडला गेला.

तुलनात्मक दृष्टी

सिंधच्या बाबतीत जनतेचे मत प्रत्यक्ष विचारले गेले नाही. ते विचारले असते तर प्रश्न सुटला असता काय? २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयी सार्वमत झाले. ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने आणि ४८.१ टक्के विरोधात पडली. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांनी मात्र संघात राहण्याच्या बाजूने बहुमत दिले होते. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले, तरी वाद मिटला नाही. तेथेही प्रचार वर्गणीच्या आकड्यांवर झाला आणि मूळ प्रश्न आपल्या देशाचा निर्णय कोणी घ्यावा, हा होता.

याउलट गोव्याचे उदाहरण आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी पराभूत झाला. परंतु त्यानंतर काही महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच सत्ता मिळाली आणि दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. कौल हरलेला पक्ष राज्य करू शकतो, हा अनुभव मिळाल्याने पराभवाचा डंख बोथट झाला.

अगदी लहान प्रमाणावर हाच अनुभव याच परिसराने घेतला आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या कल्याण महानगरपालिकेत अंबरनाथ व बदलापूर यांचा समावेश होता. १९९२ साली ही दोन्ही शहरे बाहेर पडून त्यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या. लगतची २७ गावे २००२ साली महापालिकेतून वगळण्यात आली आणि २०१५ साली पुन्हा समाविष्ट करण्यात आली. प्रांताचे विभक्तीकरण आणि नगरपालिकेची हद्द यांची बरोबरी करता येणार नाही, हे उघड आहे. मात्र आपण भरलेल्या कराचा निर्णय कोठे बसून, कोण घेतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

समारोप

सिंधच्या विभक्तीकरणाच्या वादात दोन्ही पक्षांचे युक्तिवाद अंशतः खरे होते. दूरच्या राजधानीतून सिंधचा कारभार नीट चालत नव्हता, हे समर्थकांचे म्हणणे योग्य होते. नव्या प्रांतात अल्पसंख्याकांना आपल्या स्थानाची शाश्वती हवी होती, हे विरोधकांचे म्हणणेही योग्य होते. एका बाजूच्या तक्रारीवर उपाय म्हणून प्रांत देण्यात आला. दुसऱ्या बाजूच्या भीतीवर उपाय म्हणून काही जागा व अनुदान देण्यात आले. भीती आकड्यांनी दूर होत नाही, हे लक्षात येण्यापूर्वीच बाहेरच्या सत्तेने निर्णय देऊन टाकला होता.

एखाद्या प्रदेशाने मोठ्या संघटनेतून बाहेर पडावे किंवा पडू नये, याचे सर्वकालीन उत्तर इतिहास देत नाही. परंतु निर्णयानंतर जे हरलेल्या बाजूला राहतात, त्यांना त्याच भूमीत निश्चिंतपणे राहता येते काय, ही कसोटी तो अवश्य देतो. गोवा या कसोटीला उतरले. सिंध उतरले नाही, याची साक्ष उल्हासनगर शहराच्या रूपाने आजही उभी आहे.